कडूबाईचे स्फटिक

१

मंगळवारी सकाळी साडेनऊला धाकटीनं काचेची बशी खिडकीच्या उजेडात धरली आणि तिचा चेहरा असा उतरला, की दारावरून जाणाऱ्या थोरल्या बाई जागीच थांबल्या.

संस्थेच्या रसायन विभागात बाया दोनच. एक त्रेपन्न वर्षांची, दुसरी एकतीसची. म्हणून एक थोरल्या आणि एक धाकटी. सवतींना म्हणतात तशी ही नावं कुणीतरी गमतीत पाडली होती. गंमत केव्हाच संपली, नावं मात्र राहिली.

बशीत रोगाचे जंतू वाढवलेले होते आणि त्यांच्यावर कागदाच्या पाच चकत्या होत्या. चकतीवरच्या औषधात दम असेल तर तिच्याभोवतीचे जंतू मरतात आणि गोल, स्वच्छ कडं उमटतं. मधल्या चकतीवर तुलनेपुरतं बाजारातलं नेहमीचं औषध होतं. तिच्याभोवती कडं होतं. कडेच्या चार चकत्यांवर धाकटीचं औषध होतं आणि त्यांच्याभोवती काहीही नव्हतं. दुधावर साय धरावी तसा जंतूंचा पांढरा थर त्या चकत्यांना बिलगून बसला होता.

"हे कसं शक्य आहे?" धाकटी म्हणाली. "तीन आठवड्यांपूर्वी याच स्फटिकांनी एवढालं कडं दिलं होतं."

त्या क्षणी थोरल्यांना आनंद झाला. वाईट वाटण्याआधी, आश्चर्य वाटण्याआधी, सरळ आनंद. छातीवरचा दगड कुणी अलगद उचलून ठेवावा तसा.

मग त्यांनी चेहरा नीट केला आणि विचारलं, "काय झालं हो?"

शेजारी जंतूकाका तबक घेऊन उभे होते. जंतू वाढवायचे, बशीत पसरायचे, कडी मोजायची, ही कामं संस्थेत गेली सव्वीस वर्षं त्यांच्याकडे. त्यांनी धाकटीच्या हातातून बशी काढून घेतली, यंत्राखाली धरून फोटो काढला, आकडे वहीत लिहिले आणि बशी घेऊन निघून गेले. धाकटीशी ते कधीच फारसं बोलत नसत.

शुक्रवारी औषध कंपनीचे पाहुणे यायचे होते. धाकटीची बाटली बघायला.

२

सगळी भानगड एका पाल्याची होती. खडकाच्या कपारीत वाढणारी बोटभर वनस्पती. तिचं शास्त्रीय नाव उच्चारताना जीभ अडखळायची, म्हणून विभागात तिला 'कडूबाई' म्हणत. एक पान चावलं की संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा कडू लागायचं. जखमेवर तिचा रस लावतात हे ऐकून थोरल्यांनी तिच्यावर काम सुरू केलं आणि अकरा वर्षं केलं. पाला वाळवला, कुटला, उकळला, अर्क आटवला, काचेच्या उभ्या नळीतून थेंबथेंब गाळून त्याचे शेकडो वाटे केले, एकेक वाटा जंतूंवर घालून पाहिला. कच्च्या अर्कात गुण दिसायचा. वेगळं करत गेलं की गुण हातातून निसटायचा. पाऱ्यासारखा.

मग धाकटी आली. तिनं पाला वाळवलाच नाही. ताजा घेतला, थंड पाण्यात भिजवला, एकदाही चुलीवर चढवला नाही. वर्षभरात शुद्ध पांढरे स्फटिक बाटलीत उभे केले. चिमूटभर, पण शुद्ध.

म्हणजे अकरा वर्षं थोरल्या त्या औषधाला उकळून मारत होत्या. हे त्यांना कुणी तोंडावर सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

साडेदहाला साहेबांनी त्यांना बोलावलं. साहेब म्हणजे संस्थेचे संचालक. गोड बोलणारे आणि भांडणाला भिणारे.

"ती म्हणतेय स्फटिक कुणीतरी बदलले. मला गाजावाजा नको. शुक्रवारच्या आत काय झालं ते शोधून काढा."

"मी?" थोरल्या म्हणाल्या.

"कडूबाई तुमच्याइतकी कुणाला कळते? आणि हे पाहा..." साहेबांनी टेबलावरची पेन्सिल उगाच सरळ केली. "स्फटिक खरंच निकामी निघाले, तर ते काम पुन्हा तुमच्याच हाती द्यावं लागेल."

थोरल्या धाकटीच्या खोलीत गेल्या तेव्हा ती डोळे पुसून बसली होती.

"सगळं क्रमानं सांगा," त्या म्हणाल्या. धाकटीला त्या पहिल्या दिवसापासून अहोजाहो करत. त्यात आदर किती आणि अंतर किती, ते दोघींनाही ठाऊक होतं.

"काल सकाळी बाटलीतून थोडं औषध घेतलं, विरघळवलं, स्वतःच्या हातानं चकत्यांवर टाकलं. जंतू काकांनी पसरले. आज हे असं."

"बाटली कुठं असते?"

"त्या शीतकपाटात. कुलूप असतं. एक किल्ली माझ्याकडे, एक ऑफिसात. ऑफिसातली महिनाभर कुणी नेलेली नाही, मी वही पाहून आले." तिनं आवाज खाली आणला. "पण मॅडम, शनिवारी कुणीतरी ते उघडलं होतं. मी बाटली ठेवते ती लेबल भिंतीकडे करून. सोमवारी लेबल माझ्याकडे बघत होतं."

थोरल्यांनी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

त्या कपाटाला तिसरी किल्ली होती. अकरा वर्षं ते कपाट त्यांचंच होतं. जुनी किल्ली परत करायची राहून गेली होती आणि या घटकेला ती त्यांच्या पर्समध्ये होती.

३

शनिवारी दुपारी इमारत रिकामी असताना थोरल्या त्या खोलीत गेल्या होत्या. त्यांनी काही केलं नव्हतं. बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली, हलवली. आतले स्फटिक साखरेसारखे चमकले. एवढ्याशासाठी अकरा वर्षं, असं त्या मनात म्हणाल्या आणि बाटली ठेवून दिली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आली ती नुसती जळजळ.

आता हे कुणाला सांगणार? सांगितलं तर चोर, न सांगितलं तर चोराहून वाईट.

शेजारच्या खोलीत चष्मेवाला बसायचा. एका झाडाच्या सालीवर त्याचं काम चाललं होतं आणि कंपनीच्या पाहुण्यांनी कडूबाई सोडून आपली साल बघावी म्हणून तो महिनाभर साहेबांच्या मागे लागला होता. थोरल्यांनी दार ढकललं.

"या या, तपासनीसबाई!" तो हसला. "संशयित हजर आहे."

"शनिवारी कुठं होता?"

"इथंच. एक वाजेपर्यंत. मग बहिणीकडे जेवायला." त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. "पण मला विचारण्यात काय अर्थ? शनिवारी त्या खोलीत कोण गेलं, ते आपल्या दोघांनाही माहीत आहे."

थोरल्यांनी मागं हात नेऊन दार लोटून घेतलं.

"मी जिन्यात होतो. तुम्ही किल्ली लावताना पाहिलं." तो पुढे झुकला. "घाबरू नका. मी कशाला कुणाला सांगतोय? उलट बरं केलंत. फार हवेत होती ती. कुणीतरी पतंग कापायलाच हवा होता."

"मी काही केलेलं नाही."

"नसेलही," तो म्हणाला आणि हसला.

ते हसू ओळखीचं होतं. सकाळी दारात उभं असताना आपल्या चेहऱ्यावर हेच आलं असणार, असं थोरल्यांना वाटलं आणि त्यांना स्वतःची शिसारी आली. एक मात्र त्यांना तिथंच पटलं. याच्याकडे किल्ली नाही, हिंमत तर त्याहून नाही. हा दुसऱ्याच्या चुलीवर हात शेकणारा माणूस.

मग बाटली बदलली कुणी?

४

घरी यजमान चहा गाळत होते. गणिताचे निवृत्त मास्तर. प्रश्न कुणाचाही असो, आधी फळ्यावर मांडायचा ही सवय. थोरल्यांनी त्यांना सगळं सांगितलं, शनिवारसकट.

"स्फटिक बदलले, हे कुणी पाहिलं?" त्यांनी विचारलं.

"तसं कुणी पाहिलं नाही. पण औषध चालत नाही म्हटल्यावर..."

"म्हणजे गृहीत धरलंस. आमच्या वर्गात याला शून्य मार्क." त्यांनी कप पुढे सरकवला. "आणि एक सांगू? तिच्या बाटलीत खोट आहे की तुझ्या पोटात दुखतंय, ते आधी वेगळं कर. दोन्हींचा अर्क एकाच भांड्यात उतरलाय."

दुसऱ्याच्या तोंडून हे ऐकलं असतं तर थोरल्यांचा तिळपापड झाला असता. नवऱ्याच्या तोंडून ऐकलं म्हणून नुसता राग आला. पण बुधवारी सकाळी पहिल्यांदा त्यांनी बाटलीच मागवली.

धाकटी समोर उभी होती. बाटलीतले चार कण थोरल्यांनी बारीक नळीत भरले आणि ती तापवायला ठेवली. पाण्यात उकळलं की मोडणारं हे औषध कोरडं तापवलं तर टिकायचं, आणि प्रत्येक शुद्ध पदार्थ ठरलेल्या तापमानाला वितळतो. त्यात कुणाची खुशामत चालत नाही. आकडा चढत गेला. दोनशे एक. दोनशे दोन. दोनशे तीनला कण एकदम पाणी झाले.

"तुमच्या वहीत किती आहे?"

"दोनशे तीन," धाकटी पुटपुटली.

मग विरघळवलेल्या औषधाचा एक थेंब पातळ पट्टीवर ठेवला, पट्टीचं टोक द्रवात बुडवून तो वर चढू दिला आणि पट्टी जांभळ्या दिव्याखाली धरली. एकच ठिपका, निळा, ठरलेल्या उंचीवर. दुसरं काही मिसळलेलं नाही, काही बिघडलेलं नाही.

"स्फटिक बदललेले नाहीत," थोरल्या म्हणाल्या. "हे तुमचेच आहेत. जसे होते तसेच."

धाकटीला हसावं की रडावं कळेना. "मग मरत का नाहीत जंतू?"

चोरीच झाली नव्हती आणि तरी घर रिकामं होतं.

५

दुपारी त्या जंतूकाकांच्या खोलीत गेल्या. काका जेवायला गेले होते. मंगळवारची बशी पुन्हा बघावी म्हणून त्यांनी फडताळ उघडलं. काका प्रत्येक बशी तीन दिवस ठेवत. सव्वीस वर्षांत हा नेम मोडला नव्हता. आज बुधवार. पण मंगळवारचा कप्पा रिकामा होता. भिंतीवरच्या तक्त्यात काकांच्याच अक्षरात लिहिलं होतं: मंगळवार, दहा वाजता, कुकर. जंतू मारायच्या मोठ्या कुकरमध्ये बशी त्याच सकाळी गेली होती. सगळ्यांनी पाहून पुरता अर्धा तास झाला नव्हता तोवर.

राहिला वहीतला फोटो. त्या यंत्राचा फोटो काळापांढरा निघतो. थोरल्यांनी त्या चार चकत्या पाहिल्या. काल पाहिल्या होत्या तशाच. मग पहिल्यांदाच त्यांनी मधल्या चकतीकडे पाहिलं.

मधली चकती बाजारातल्या औषधाची. तिचं कडं नेहमी तीस मिलिमीटर भरतं. अकरा वर्षांत त्यांनी ते हजारदा मोजलं असेल. काकांनी वहीत प्रामाणिकपणे लिहिलं होतं: एकवीस.

कडूबाईचं औषध बिघडलं असतं, तर त्याच्या चकत्या गप्प बसल्या असत्या. बाजारातल्या औषधाला काय धाड भरली होती? त्याचा आणि धाकटीच्या बाटलीचा काडीचा संबंध नाही. दोन वेगळी औषधं एकाच बशीत एकदम लंगडी पडली. दोन्हींत सारखं काय?

जंतू.

काल सकाळी दारातून त्यांनी जे पाहिलं होतं ते पुन्हा डोळ्यांसमोर आलं. पांढरा थर, सायीसारखा. पण त्यांचा नेहमीचा जंतू पांढरा नसतोच! तो पिकल्या लिंबासारखा पिवळसर वाढतो. म्हणजे बशीत पसरला होता तो भलताच, औषधांना न जुमानणारा जंतू. धाकटी रसायनवाली, ती कडी बघते, जंतूचा रंग तिला कोण सांगणार? पण थोरल्यांना तो झोपेत ओळखू आला असता. समोर दिसत असून दिसला नव्हता, कारण त्या बघत होत्या फक्त धाकटीच्या चार चकत्यांकडे. आणि मनात उकळ्या फुटत होत्या.

काका परत यायच्या आत त्यांनी अतिशीत पेटीतून मूळ जंतूची सीलबंद कुपी काढली, स्वतःच्या हातानं नवी बशी पसरली, धाकटीकडून औषध आणून चकत्या ठेवल्या आणि बशी उबेला घातली. काकांच्या उबेच्या पेटीत नाही. चष्मेवाल्याच्या.

६

गुरुवारी सकाळी आठला बशी उघडली. पिवळसर थरात चार चकत्यांभोवती चार कडी. स्वच्छ, रुंद, खिडकीसारखी आरपार. इतकं देखणं कडं कडूबाईनं थोरल्यांना अकरा वर्षांत कधी दिलं नव्हतं.

बशी घेऊन त्या काकांच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

काकांनी बशी पाहिली. नाकारलं नाही. हात पुसले, खुर्ची पुढे केली.

"बसा बाई."

"काका, का?"

"तुम्हाला कळायला एवढा वेळ लागेल असं वाटलं नव्हतं. मी वाट बघत होतो. एकवीसचे तीस करून लिहिता आले असते मला. पण खोटा आकडा या हातानं लिहवला नाही."

"आणि खोटा जंतू पसरवला तो?"

काका खिडकीबाहेर बघत बोलले. "अकरा वर्षं तुमच्याबरोबर तो पाला कुटलाय मी. हाताला इतकं कडू लागायचं की घरी नात माझ्या हातचा घास घ्यायची नाही. तुमचे जे कागद छापून आले, त्यांत खाली का होईना, मदतीबद्दल आभार म्हणून माझं नाव असायचं. हिच्या कागदाचा मसुदा पाहिला. यंत्रांचे आभार आहेत. काचसामानवाल्याचे आहेत. माझं नाव नाही. तुमचंही नाही."

थोरल्यांना ते ठाऊक होतं. त्या मसुद्यात त्यांनीही सगळ्यात आधी तीच ओळ शोधली होती.

"आणि तुम्हीच म्हणाला होतात," काका म्हणाले. "गेल्या महिन्यात, इथंच बसून. 'काका, एकदा तरी तिची बशी कोरी निघावी.' आठवतंय?"

आठवत होतं. चहा पिता पिता, अर्ध्या हसण्यात म्हटलेलं. माणूस बोलून विसरतो. ऐकणारा जपून ठेवतो.

"मी ते तुम्हाला करायला सांगितलं नव्हतं."

"नाही. पण तुमच्या मनातलं होतं." काकांनी कोपऱ्यातल्या कुकरकडे बोट दाखवलं. "तो तापलेलाच आहे. ही बशी त्यात ठेवली की दहा मिनिटांत विषय संपतो. हे कुणाला माहीत आहे? तुम्हाला आणि मला. शुक्रवारी पाहुणे परत जातील आणि कडूबाई पुन्हा तुमची. आता तर थंड पाण्याची युक्तीही कळलीय."

थोरल्या बशीकडे बघत राहिल्या. कुकरच्या झाकणातून वाफ फुसफुसत होती. खोटं कशाला बोलावं? त्यांनी विचार केला. दहा मिनिटं नाही, पण दोन मिनिटं नक्की केला. पहिल्या पानावर आपलं नाव कसं दिसेल तेही पाहून घेतलं.

मग त्या उठल्या. "काका, चला. साहेबांकडे. तुमचं तुम्ही सांगा, माझं मी सांगते."

"तुमचं काय आहे सांगण्यासारखं?"

थोरल्यांनी पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

७

साहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या काकांना घरी बसवायचं की काय, यावर तासभर घोळ झाला. शेवटी त्यांची बदली काचसामान धुण्याच्या खोलीत झाली. थोरल्यांना लेखी ताकीद मिळाली. शुक्रवारी पाहुणे आले, बशी पाहिली, खूश होऊन गेले. दालनातून टाळ्यांचा आवाज आला तेव्हा थोरल्या बाहेर व्हरांड्यात होत्या. पोटातली ती जुनी जळजळ जशीच्या तशी होती. त्यांना वाटलं होतं, खरं बोललं की ती जाईल.

चारच्या सुमाराला त्या धाकटीच्या खोलीत गेल्या. ती वही लिहीत होती. मान वर केली नाही.

"शनिवारचं तुम्ही मंगळवारीच सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर मी तीन दिवस प्रत्येकाच्या तोंडाकडे चोर म्हणून बघितलं नसतं."

"खरं आहे. चुकलं माझं."

"का गेला होतात?"

"मला तुमचा हेवा वाटतो," थोरल्या म्हणाल्या. इतकं साधं वाक्य बोलायला त्यांना चौदा महिने लागले होते. "अजूनही वाटतो. आत्तासुद्धा."

धाकटीनं पेन खाली ठेवलं.

"मलाही तुमचा वाटतो."

"माझा? माझ्याकडे काय आहे?"

"काका चुकीचं वागले. मला त्यांचा इतका राग आलाय की त्यांचं तोंड बघवत नाही. पण तुमच्यासाठी एका माणसानं सव्वीस वर्षांची नोकरी पणाला लावली मॅडम." तिनं वही मिटली. "मी इथं चौदा महिने काम करतेय. मंगळवारी दिवसभर रडत होते. या इमारतीत एकानंही मला चहा घेतेस का म्हणून विचारलं नाही. त्यांचं नाव मी कागदात घातलं नाही, कारण मला ते माहीतच नव्हतं. सगळे काका म्हणतात, मीही म्हणायचे. विचारायचं सुचलं नाही आणि कुणी सांगितलं नाही."

कोपऱ्यात एक स्टूल होतं. थोरल्यांनी ते ओढलं आणि त्या धाकटीच्या टेबलापाशी बसल्या.

"थंड पाण्याचं तुला सुचलं कसं?" त्यांनी विचारलं.

धाकटीनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "खरंच ऐकायचंय तुम्हाला?"

"नाही," थोरल्या म्हणाल्या. "पण सांग."